जंगलात वाट विचारायला कुणी नसतं

स्वीडनमध्ये डॉक्टर व्यायाम लिहून देतात. ‘जरा चालत जा हो रोज’ असा दारातून निघताना दिलेला सल्ला नव्हे, रीतसर चिठ्ठी. कोणता व्यायाम, आठवड्यातून किती वेळा, किती वेळ आणि परत कधी दाखवायला यायचं, सगळं त्यात असतं. मला ती मिळाली तेव्हा माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ४४ होती. इथे हा आकडा मिलिमोलमध्ये सांगतात, आपल्याकडच्या टक्क्यांत तो साधारण ६.२ होतो. ४८ झाले की मधुमेह, म्हणजे मी उंबरठ्यावर. धक्का वगैरे बसला नाही. सांगलीला माहेरी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी गोळ्यांचा डबा असतोच. आपल्या भागातल्या माणसांना साखर युरोपातल्या माणसांपेक्षा लवकर आणि कमी वजनातच गाठते, हे इथल्या डॉक्टरांनाही आता माहीत आहे. त्यामुळे ‘तुम्ही तर बारीकच आहात’ म्हणून माझ्या डॉक्टरबाईंनी मला सोडलं नाही.

आठवड्याला दीडशे मिनिटं बेताचा किंवा पंचाहत्तर मिनिटं दमवणारा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं गणित सगळ्यांना पाठ आहे. अडचण गणिताची नाही, कंटाळ्याची आहे. मी जिम लावली. ट्रेडमिलवर समोरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली की मला वाटायचं निदान पंचवीस तरी झाली असतील. इथे योतेबोरीत, म्हणजे आपल्या नकाशावरच्या गोथेनबर्गमध्ये, वर्षातला बराच काळ पाऊस आणि हिवाळ्यात साडेतीनला अंधार. बाहेर चालायला जायचं तर जायचं कुठे आणि कशाला, हा प्रश्न रोज संध्याकाळी दारात उभा. शेवटी ऑफिसातली एक सहकारी म्हणाली, मंगळवारी माझ्याबरोबर जंगलात ये, जुने बूट घाल आणि लांब पँट घाल. एवढंच. तिनं व्यायाम हा शब्द उच्चारला नाही, ते फार बरं केलं.

तर ओरिएंटिअरिंग, म्हणजे नकाशावरून वाट शोधत पळायचा खेळ. तुमच्या हातात एक नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, तिथून निघायचं. मग क्रमांक घातलेली वर्तुळं, ती त्याच क्रमानं गाठायची. शेवटी दुहेरी वर्तुळ, तिथे संपतं. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध प्रत्यक्ष जंगलात एक केशरी-पांढरा कापडी झेंडा टांगलेला असतो, तीस सेंटिमीटरचा, त्याला कंट्रोल म्हणतात. बोटाला अडकवलेली प्लॅस्टिकची कांडी तिथल्या पेटीत घातली की पिक् असा आवाज होतो आणि वेळ नोंदली जाते. दोन कंट्रोलच्या मध्ये कुठून जायचं ते कुणी सांगत नाही. रंगाच्या खुणा नाहीत, बाण नाहीत, पुढे जाणारी माणसं आपल्याच कंट्रोलला चालली असतील असंही नाही, कारण वेगवेगळ्या वयोगटांना वेगळे मार्ग असतात. सर्वांत कमी वेळात जो सगळे कंट्रोल गाठेल तो जिंकला. पण माझ्या वयाला आणि वेगाला जिंकण्याचा विषय निघत नाही.

हे अलीकडचं खूळ नाही. नॉर्वेत ऑस्लोजवळ ३१ ऑक्टोबर १८९७ला सामान्य नागरिकांसाठीची पहिली स्पर्धा झाली. त्याआधी हा सैनिकांच्या प्रशिक्षणाचा भाग होता. स्वीडनमध्ये त्याला खेळाचं रूप दिलं मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी. तरुण पोरं धावण्याच्या शर्यतींना कंटाळून यायचीच बंद झाली, तेव्हा त्यांनी धावण्याला नकाशाची जोड दिली. १९१९च्या मार्चमध्ये स्टॉकहोमजवळच्या त्यांच्या स्पर्धेला २२० जण आले होते. म्हणजे मला ट्रेडमिलवर जे वाटायचं तेच शंभर वर्षांपूर्वी त्या पोरांना वाटत होतं, आणि त्यावर उपाय काढणारा माणूस फौजी होता.

मी कॉलेजात एनसीसीला होते, त्यामुळे नकाशा आपल्याला येतो अशी माझी ऐट होती. प्रिझ्मॅटिक कंपास, सर्व्हिस प्रोट्रॅक्टर, ग्रिड रेफरन्स, बॅक बेअरिंग, सगळं शिकवलेलं. तीन प्रकारच्या उत्तर दिशा असतात, खरी, नकाशाच्या चौकटीची आणि चुंबकीय, हे तर उस्ताद झोपेतून उठवून विचारायचे. पण ते सगळं टेबलावर पसरलेल्या टोपोशीटवर. सर्व्हे ऑफ इंडियाची ती शीट १:५०,०००ची, म्हणजे एक सेंटिमीटरात अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरला. तिच्यात सांगलीजवळची एखादी टेकडी म्हणजे दोन वळसे आणि विषय संपला. इथला नकाशा १:१०,०००चा. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर, समोच्च रेषा पाच मीटरला. छातीएवढा दगड असला तरी काळ्या ठिपक्यानं दाखवलेला. वारूळ, पाण्याची चर, कड्याचा दोन मीटरचा तुटका भाग, पूर्वी कोळसा पाडायचे त्या भट्टीची गोल सपाट जागा, सगळं त्यावर आहे. उत्तरेच्या रेषा थेट चुंबकीय उत्तरेच्याच आखलेल्या असतात, म्हणजे तीन उत्तरांची भानगडच नाही. होकायंत्र नकाशावर ठेवा, सुई रेषांना समांतर करा, झालं. हे चपट्या पट्टीवर बसवलेलं होकायंत्रसुद्धा इथलंच, १९३०च्या दशकात शेलस्ट्रॉम बंधू आणि गुन्नर टिलांडर यांनी काढलेलं. सिल्वा नावानं ते आजही विकतात.

रंगांनी मात्र मला बराच काळ छळलं. आपल्या शाळेच्या नकाशात हिरवं म्हणजे जंगल. इथे पांढरं म्हणजे जंगल! ज्यातून सहज पळता येईल असं मोकळं, उंच झाडांचं जंगल पांढरं. हिरवं म्हणजे दाट, आणि जितकं गडद हिरवं तितकं आत शिरायला अवघड. पिवळं म्हणजे उघडं रान. म्हणजे रंग काय उगवलंय ते सांगत नाहीत, तुझ्या पायांना किती अडेल ते सांगतात. एकदा हे डोक्यात बसलं की नकाशा माणसाच्या बाजूनं बोलायला लागतो.

आता एक टप्पा सविस्तर सांगते, कारण खेळाची सगळी मजा तिथेच आहे.

डेलशॉन तळ्यांच्या बाजूचं जंगल. आमच्या भागातलं रान म्हणजे खडकाळ टेकड्या, माथ्यावर उघडा कातळ आणि खुरटे पाइन, दोन टेकड्यांच्या मध्ये दलदल, उतारावर स्प्रूस आणि खाली गुडघाभर ब्लूबेरीची झुडपं. चौथ्या कंट्रोलवर मी उभी आहे. पाचवा सरळ रेषेत साडेतीन सेंटिमीटरवर, म्हणजे साडेतीनशे मीटर. पण मध्ये टेकडी, सहा तपकिरी समोच्च रेषा ओलांडायच्या, म्हणजे तीस मीटर चढ. डावीकडून पायवाट जाते, ती वळसा घालून सहाशे मीटर. ढोबळ हिशेब असा की एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे दहा मीटर. तीस मीटरचे तीनशे झाले, त्यात साडेतीनशे मिळवले की साडेसहाशे. म्हणजे वाट फायद्याची. शिवाय सरळ गेलं तर टेकडीपलीकडे दलदल आहे आणि तिच्यात माझे पाय पिंडरीपर्यंत रुततात. पण माझ्याबरोबरच निघालेला तरुण पोरगा सरळ टेकडीवर सुटला आणि त्याचंही बरोबर होतं, कारण त्याच्या पायांचा हिशेब वेगळा आहे. हे सगळं ठरवायला वेळ किती? मागच्या कंट्रोलवरच्या पेटीत कांडी घालून पाच पावलं टाकेपर्यंत. खरं तर त्याच्याही आधी, धावता धावता.

पायवाटेनं गेले म्हणजे काम संपलं असं नाही. कंट्रोल वाटेवर नसतो. तो आहे वाटेपासून ऐंशी मीटर आत, एका मोठ्या दगडाच्या उत्तरेला. मग आधी अशी एखादी जागा शोधायची की जी चुकूच शकत नाही, उदाहरणार्थ वाटेला ओढा मिळतो तो कोपरा. इथले लोक तिला ‘शेवटची खात्रीची जागा’ म्हणतात. पेठेतलं घर शोधताना आपण आधी सगळ्यांना ठाऊक असलेल्या मारुतीच्या देवळापाशी जातो आणि तिथून बोळ मोजतो, तसंच. तिथपर्यंत जोरात पळून घ्यायचं, तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, सुई लावायची आणि मग पावलं मोजत हळू आत. दगडापलीकडे नकाशावर काय आहे तेही आधीच बघून ठेवायचं, समजा काळ्या रंगातलं कुंपण. कुंपण लागलं तर आपण पुढे आलो, माघारी फिरायचं. हे नाही केलं तर शेजारच्या टेकडीवरचा तसाच दगड तुम्हाला आपलाच वाटतो. त्याच्याभोवती फेऱ्या मारत माणसं नकाशा काढणाऱ्याला शिव्या घालतात. नकाशा बहुधा बरोबरच असतो.

या सगळ्यात शरीराचं काय चाललंय याकडे लक्षच जात नाही, आणि माझ्या मते हाच या खेळाचा आरोग्याला सर्वांत मोठा फायदा. तासाभरानं बाहेर येते तेव्हा मी पाच किलोमीटर चढउतारातून गेलेली असते. वाटेवर पळाले, चढावर हातांनी कातळ धरून चढले, दलदलीत पाय उपसत चालले, थांबले, परत पळाले. हल्ली पैसे देऊन ज्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात ते इथे फुकट आणि न ठरवता होतं. पायाखाली सपाट असं काही नसल्यामुळे तितकंच अंतर सपाट वाटेवर कापण्यापेक्षा इथे ताकद बरीच जास्त लागते. पावलागणिक घोटा वेगळ्या कोनात पडतो, कंबर तोल सावरते. पन्नाशीनंतर बाईमाणसाला हाडांची आणि पडण्याची भीती असते, डॉक्टर तोल सांभाळण्याचे व्यायाम करायला सांगतात. एका पायावर उभं राहून दात घासा वगैरे. मी ते कधी केलं नाही. पण आता ओल्या शेवाळी कातळावरून उतरताना पाय आपोआप जागा शोधतात, हा फरक मला कळतो.

आणि साखर? वर्षभरानं ४० झाली. त्यातलं श्रेय एकट्या जंगलाला दिलं तर आमच्या घरी बंड होईल, कारण त्याच काळात मी रात्रीचा भात बंद केला आणि त्याची झळ नवऱ्यालाही बसली. पण भात बंद करणं मी पूर्वीही करून सोडून दिलं होतं. जंगलात जाणं सुटलं नाही.

डोक्याच्या फायद्याबद्दल इथे खूप बोललं जातं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २०२३मध्ये एक अभ्यास छापला होता. १८ ते ८७ वयाच्या १५८ जणांना प्रश्न विचारले, त्यात कधीच हा खेळ न खेळलेले होते आणि अव्वल खेळाडूही होते. ज्यांचा सराव जास्त त्यांनी आपली दिशांची जाण आणि जागांची स्मृती जास्त चांगली असल्याचं सांगितलं. आमच्या ओरिएंटिअरिंगच्या क्लबात हा अभ्यास सगळ्यांच्या तोंडी आहे. मी जरा हात राखून सांगते. एक तर लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे ते, आणि दुसरं म्हणजे ज्यांना मुळातच दिशा कळतात तेच या खेळात टिकत असतील, असंही असू शकतं. तरी त्यामागची गोष्ट बिनबुडाची नाही. मेंदूत जागा ओळखणाऱ्या आणि अंतराचं जाळं विणणाऱ्या पेशी असतात, हे दाखवल्याबद्दल जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४चं नोबेल मिळालं. मोझर दांपत्य तेव्हा नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये काम करत होतं, म्हणजे याच जंगलांच्या मुलखात. अल्झायमरमध्ये नेमक्या याच भागाला सुरुवातीला इजा पोचते, म्हणून तर नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं हे त्याचं एक आरंभीचं लक्षण. नकाशा वाचल्यानं तो आजार टळतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि मी म्हणणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की फोनमधली बाई ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ म्हणते तेव्हा माझ्या डोक्यातलं काहीच हलत नाही, आणि इथे तासभर ते सतत हलत असतं. ऑफिसातल्या कटकटींना त्या तासात शिरायला जागा नसते. ताण घालवायला मन रिकामं करा म्हणतात, ते मला कधी जमलं नाही. भरून टाकणं जमतं.

आणखी एक फायदा आहे, तो कुठल्या अभ्यासात सापडेल असं वाटत नाही. मी सह्याद्रीत भरपूर हिंडले आहे. राजगड, हरिश्चंद्रगड, ढाक, सगळं पायाखालून गेलेलं. पण नेहमी कुणाच्या तरी मागे. पुढे लीडर, मागे शेवटचा माणूस, मध्ये आम्ही मुली, आणि वाट चुकलीच तर गुरं राखणारा पोरगा किंवा वाडीतली आजी. एकटीनं अनोळखी रानात जायचं हे माझ्या लहानपणीच्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हतं. इथे पहिल्यांदा त्रिकोणापासून निघाले, झाडांच्या आत गेले, मागचे आवाज बंद झाले आणि लक्षात आलं की आता वाट विचारायला कुणी नाही आणि वाट अडवायलाही कुणी नाही. माझ्या पोटात तेव्हा जे झालं त्यात भीती होती, पण तेवढीच नव्हती. इथे कायद्यानं कुणालाही कुणाच्याही रानातून जायची मुभा आहे, घराअंगणापासून दूर राहायचं आणि पिकाची, झाडाझुडपाची नासधूस करायची नाही एवढ्या अटीवर. ‘आल्लेमान्सरेत्तेन’ म्हणतात तिला, १९९४पासून राज्यघटनेतही ती आहे. हा हक्क नसता तर हा खेळ असा रुजला नसता. आपल्याकडे वनखात्याची चौकी, खाजगी बांध, कुत्री आणि मुलीला एकटं न सोडणारं घर, हे सगळं ओलांडल्यावर मग चढ सुरू होतो.

आता त्रासांबद्दल, नाहीतर ही जाहिरात व्हायची.

गोचीड. इथली गोचीड दोन आजार देते. एक बोरेलिया, म्हणजे जिवाणूंमुळे होणारा लाइम आजार, त्याला प्रतिजैविकं आहेत. दुसरा टीबीई, मेंदूज्वर, त्याला औषध नाही पण लस आहे. लस घेतल्याशिवाय माझ्या ओळखीतलं कुणी नियमित जंगलात जात नाही. घरी आल्यावर अंघोळीच्या आधी सगळं अंग, काखा, गुडघ्यामागची घडी, केसांची मुळं तपासायची. शरद ऋतूत एल्कमाशी असते, ती केसांत शिरून पंख टाकून देते आणि मग चालत फिरते. चावली तरी खास काही होत नाही, पण ते पंख टाकणं मला अजून सहन होत नाही. साप एकच विषारी, व्हायपर, आणि तो आपल्याहून घाबरट.

लांब पँटचा आग्रह का, तर त्याला इतिहास आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी आणि पुढची काही वर्षं स्वीडिश ओरिएंटिअरमध्ये काविळीची साथ पसरली होती, शेकडो जणांना झाली. उघड्या पायांना काटेकुटे लागायचे, त्या जखमांतून विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. धावून आल्यावर सगळे एकाच पाण्यात पाय धुवायचे. तेव्हापासून पाय झाकलेले असलेच पाहिजेत हा नियम आला.

त्याहून गंभीर प्रकरण म्हणजे १९७९ ते १९९२ या काळात इथले १६ तरुण खेळाडू अचानक हृदय बंद पडून गेले. चांगले धडधाकट, अव्वल दर्जाचे. बऱ्याच जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आढळली. संसर्गाचा संशय होता, पण एकच एक कारण पक्कं झालं नाही. १९९२च्या हिवाळ्यात अव्वल खेळाडूंचं धावणं काही महिने थांबवण्यात आलं. तेव्हापासून अंगात ताप, घसा दुखतोय, सर्दी भरलीय अशा दिवशी पळायचं नाही हे इथे पोरांनाही शिकवतात. आमच्या क्लबात कुणी नाक ओढत आलं तर त्याला सरळ कॉफी देऊन खोपटात बसवतात. ‘थोडा घाम आला की सर्दी पळते’ हा आपल्याकडचा लाडका सिद्धांत मी तेव्हापासून सोडून दिला. तुम्हीही सोडा.

घोटा मुरगळणं वगैरे तर चालायचंच. हिवाळ्यात ड जीवनसत्त्व मिळेल अशी आशा ठेवू नका, ५७ अक्षांशावरचं ऊन ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्या कामाचं नसतं. गोळ्या घ्या. आणि अर्धवट सोडलं तरी शेवटच्या वर्तुळापाशी येऊन कांडी टेकवून जायचंच, हा नियम कुणी मोडत नाही. तुम्ही गुपचूप घरी निघून गेलात तर बाकीचे अंधारात तुम्हाला शोधत बसतील.

धावून झाल्यावरचा अर्धा तास मला धावण्याइतकाच प्रिय आहे. खोपटात थर्मास उघडतात, दालचिनीचे बन येतात आणि सगळे आपापल्या नकाशावर बोट ठेवून ‘सातव्याला तू डावीकडून का गेलास?’ यावर भांडतात. छापील चिठ्ठीवर प्रत्येक टप्प्याची वेळ असते, त्यामुळे थापा मारता येत नाहीत. ट्रॅममध्ये शेजारी बसायला नको म्हणून उभे राहणारे हेच लोक का, असा प्रश्न पडतो. माझं स्वीडिश भाषेच्या वर्गात सुधारलं नाही, इथे सुधारलं, कारण ‘ती दलदल नव्हतीच, डबकं होतं’ हे ठासून सांगायची गरज होती. परदेशात एकटेपणानं खचलेल्या आपल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना मी प्रवचन देत नाही, मंगळवारचा पत्ता देते.

या खोपटात माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा नव्वदीला टेकलेत. ते पळत नाहीत, काठी घेऊन चालतात, त्यांचा मार्ग दीड-दोन किलोमीटरचा असतो. आणि त्यांच्या चुका सर्वांत कमी. जुलैच्या अखेरीस ओ-रिंगन नावाचा पाच दिवसांचा मेळा असतो, १९६५पासून. दरवर्षी वेगळ्या गावी, तंबू, कॅराव्हॅन, पोराबाळांसकट हजारो माणसं. १९८५ला फालुनमध्ये २५ हजारांहून जास्त आले होते. तिथे दहा वर्षांच्या पोरांपासून नव्वदीपलीकडच्यांपर्यंत गट असतात. पंढरीच्या वाटेवर जन्म काढलेल्या आपल्या माणसांना सांगायला नको, पण एकाच रानात आजोबा आणि नातू दोघंही आपापला मार्ग घेऊन निघतात आणि दोघांनाही खरंच स्पर्धा असते, असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

गेल्या डिसेंबरात पुण्याला भावाकडे गेले होते. भाचरं दिवसभर मोबाइलवर. म्हटलं बघू या. ओपनस्ट्रीटमॅपवरून ओरिएंटिअरिंगच्या पद्धतीचा नकाशा फुकट छापून देणारं ओपनओरिएंटिअरिंगमॅप म्हणून एक साधन आहे, त्यावरून वेताळ टेकडीचा नकाशा काढला. उंचसखलपणा त्यात इथल्यासारखा मिळत नाही, पण वाटा, खाण, वेताळाचं देऊळ, टाकी एवढं पुष्कळ झालं. वहिनीच्या जुन्या केशरी साडीचे तुकडे केले, पहाटे उठून गिरिपुष्पाच्या झाडांना, बाकाच्या पायाला, खाणीच्या कडेला बांधून आले. प्रत्येकावर एक अक्षर. सोसायटीतली सात-आठ पोरं जमली. होकायंत्र दोनच होती, तेव्हा जोड्या केल्या. नियम दोन सांगितले. एकटं खाणीच्या कडेला जायचं नाही आणि कुणाला विचारायचं नाही.

पहिला नियम पोरांनी पाळला. दुसऱ्याची वाट लावली टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या काकांनी. कानटोपी, काठी, एक फेरी झालेली, दुसरी चालू. पोरं नकाशा उलटासुलटा करून उभी दिसली की काका थांबायचेच. ‘काय शोधताय रे? केशरी फडकं? ते त्या बाकाला बांधलंय, मगाशीच पाहिलं मी. आणि दुसरं देवळामागे.’ एका काकांनी तर पोरांना सोबत नेऊन दाखवलं, वर ‘फडकी बांधून टेकडी घाण करू नका’ असंही ऐकवलं. मी सगळी काढून नेणार आहे म्हटल्यावर ते जरा निवळले आणि नकाशा हातात घेऊन निरखून बघायला लागले. ‘ही वाट चुकीची दाखवलीय,’ म्हणाले. खरंच चुकीची होती.

शेवटी अक्षरं तपासायला बसलो तेव्हा एका जोडीची सगळी बरोबर, तीही अविश्वसनीय कमी वेळात. मी भाचीकडे पाहिलं.

‘आत्या, तू म्हणालीस विचारायचं नाही,’ ती म्हणाली. ‘आम्ही कुठे विचारलं? त्यांनीच सांगितलं.’